खालचा उजवा कोपरा

घणसोली, सेक्टर सात. पतपेढीचं शटर अर्धं वर.
काउंटरखाली मी आडवा, तोंडात टॉर्च.
सोमवारी रॅम काढली, खोडरबराने घासली, परत बसवली.
मंगळवारी नवी केबल. राउटर बंद करून
शंभरपर्यंत आकडे मोजले, मनात, जप केल्यासारखे.
बुधवारी विंडोज पुसली, पुन्हा टाकली,
टक्के चढताना बघत बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला.
तरी पडद्यावर तोच लाल चौकोन:
‘आपल्या परवान्याची मुदत…’
आणि तिथेच मी वाचणं सोडून द्यायचो.
मुदत. म्हणजे संपली.
मुदतीचं दुसरं काय होतं?

चिटणीस गोवारी तासातासाला येऊन
माझ्या पायांशी बोलायचे,
बाकीचा मी टेबलाखाली होतो.
‘व्हायरस असेल का?’
‘असू शकतो,’ मी म्हणायचो,
डॉक्टर ‘गॅसेस’ म्हणतात त्या सुरात.
बाकावर ठेवीदार,
पासबुकाने वारा घेत.

पुण्याच्या कंपनीला फोन लावला.
पलीकडे कुणी विशीतला पोरगा.
‘सर, मशीन एकदा बंद करून चालू केलंत का?’
सव्वीस वर्षं, फ्लॉपी होत्या तेव्हापासून,
हा प्रश्न मी लोकांना विचारत आलो.
तो मला विचारायचा?
पुढे तो तारखेबिरखेचं काही म्हणत होता,
मी म्हणालो, सीनियर असेल कुणी तर द्या.

गुरुवारी दुपारी बेबीताई मढवी आल्या, पिग्मीवाल्या.
कोपरात हेल्मेट, पोटाशी पाकीट,
त्यात गोठिवली ते रबाळे, सगळ्या गल्ल्यांची चिल्लर.
‘दादा, घड्याल चुकलाय बघ. सोमवारीच बोलली व्हती.’

बोलल्या होत्या.
मी टेबलाखालून ‘हो हो’ म्हणालो होतो.
मला वाटलं भिंतीवरचं,
ते तर दिवाळीपासून सव्वाचारलाच आहे.

उठलो. खणाला डोकं आपटलं.
खालचा उजवा कोपरा.
करंगळीच्या नखाएवढ्या जागेत
एक जानेवारी दोन हजार दहा.

मग लाल चौकोनातली ओळ
पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली:
‘…अजून सुरू झालेली नाही.’

खरंच बोलत होतं बिचारं.
रात्री मेन स्विच पडला की ते
रोज त्याच सकाळी जागं व्हायचं.
त्याच्या लेखी तांडेलांनी रिक्षासाठी कर्ज उचललंच नव्हतं,
मग हप्ते थकणार कुठून?
गोवारींचे केस काळे होते.
माझ्या दुकानाच्या पाटीवर दोन नावं होती,
माझं आणि धाकट्याचं,
आणि तो जे सांगत होता
ते ऐकून घ्यायला अजून वेळ होता.

सेल शेजारच्या घड्याळवाल्याकडेच मिळाला.
शर्टाच्या बटणाहून जरासा मोठा. तीस रुपये.
जुना नखाने उचकटला, नवा दाबला.
टक.
तारीख घातली. चौकोन गेला.
प्रिंटर खाकरला आणि बाकावरची
सगळी पासबुकं एकदम उभी राहिली.

बिलावर लिहिलं: सेल एक, रुपये तीस.
खाली ‘मजुरी’ लिहून पेन तसंच धरलं.
गोवारी म्हणाले, ‘लिहा हो, चार दिवस घालवलेत.’
घालवलेत, हा शब्द त्यांनी
सहजच वापरला असावा.

बेबीताई अजून तिथेच.
मोबाईल पुढे केला.
‘जरा यो पन बघ ना. कालपासून आवाजच नाय येत.’
‘बघू,’ म्हणालो,
आणि बघतो तर माझ्या हातात
आधीच स्क्रूड्रायव्हर होता.