निम्म्या जाडीतला टाका

ऑक्टोबर संपत आलेला. उम्मानाकला उजेड
कसाबसा चार तास, तेवढ्यात
नुकाका सीलच्या कातड्याचे बूट शिवते.
दोरा म्हणजे नारव्हालच्या पाठीतली तात.
ती दातांत धरून ओलावते, मग ओवते.

"सुई आरपार न्यायची नाही.
निम्म्या जाडीतून वळवायची.
भोक पडलं की पाण्याला दार."

मी माझे शब्द तिच्यापुढे मांडले :
टीप, तुरपाई, धावदोरा, काज.
नेढं तिला म्हणता येईना, नेळं म्हणाली.

मग मी सांगितलं, माया.
शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड,
पोर वाढेल, उसवून सैल करता येईल म्हणून.
शिंप्याचा शब्द तोच, आईचाही तोच.

तिनं बूट उलटा करून कड दाखवली.
काठाला काठ. तांदळाएवढी जागा नाही.
"इथं राखलीस तर बोटं गळतात."
(आम्ही कापड बेततो,
आणि जिवावरही बेततंच. हे मी तिला सांगितलं नाही.)

"मिनिक दर हिवाळ्याला वाढायचा.
दर हिवाळ्याला नवा जोड.
आता वाढत नाही. आल्बोर्गला जहाजं जोडतो,
लोखंडाला लोखंड.
तीही शिवणच,
पण जाळून केलेली."

हा जोड त्रेचाळीस नंबरचा.
माप त्यानं फोनवर सांगितलंय,
मागितलं नव्हतं तरी, की मागितल्यावर,
ते तिनं सांगितलं नाही.

रात्री बूट पाण्यानं भरून
तिनं खुंटीला टांगला.
सकाळी आम्ही दोघी वाकून
फरशीवर हात फिरवत होतो.