फॉर्ममधला सातवा रकाना

औंधच्या सरकारी दवाखान्यात खोली अकरा शोधताना
मी दोनदा दंतविभागात शिरले.
तिसऱ्यांदा तिथल्या मावशी म्हणाल्या,
"दात दुखत नाहीये ना तुझा? मग जिन्याखालून जा."

जिन्याखाली दोन बाकं.
एकावर सातव्या महिन्यातली बाई आणि तिची सासू,
दुसऱ्यावर, हेल्मेट मांडीत घेऊन,
आमच्या विभागातला ऋत्विज हुपरीकर,
जो सेमिनारमध्ये पाणीसुद्धा मागत नाही.
त्यानं मला पाहिलं. मी त्याला.
मग दोघांनी क्षयरोगाचं पोस्टर
उद्या पेपर असल्यासारखं वाचून काढलं.

मी मराठीची विद्यार्थिनी, एम.ए. भाग दोन.
शब्द उलटा करून तळ बघायची खोड.
गुप्तधन सापडलं की गाव गोळा होतं,
गुप्तदानाला पावती नसली तरी पुण्य असतं,
गुप्तहेराचाही कधीतरी सत्कार होतो.
एकट्या गुप्तरोगाच्या वाट्याला
पुलाखालची भिंत, चुन्यानं लिहिलेला फोन नंबर
आणि तंबूतला वैद्य.

आत तो शब्द कुणी वापरतच नव्हतं.
समुपदेशक लोखंडेबाई,
गळ्यात चष्म्याची दोरी, टेबलावर मेथीचा डबा, म्हणाल्या,
"संसर्ग म्हणायचं. सर्दीचा होतो, तसाच."
आणि रकाने भरायला लागल्या.
वय तेवीस. पत्ता, मुलींचं वसतिगृह.
सातवा: जोडीदार, कायम की तात्पुरता?

मी अडले.
आमच्या विभागात निम्मे प्राध्यापक तात्पुरते आहेत,
दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत देतात.
निहारला मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.
तपासणीचं काढलं तेव्हा तो हसून म्हणाला होता,
"माझ्याकडे बघून तसं वाटतं का तुला?"
जणू रक्तातलं सगळं चेहऱ्यावर छापून येतं.
"राहू दे," बाई म्हणाल्या, "पेन्सिलीनं लिहिते."

मूठ आवळ. सोड.
नळीवर नाव नाही, नुसता आकडा, ४१७.
पुण्यात आल्यापासून पहिल्यांदाच
आडनाव न विचारता
कुणीतरी माझं रक्त बघणार होतं.

बाहेर ऋत्विजच्याही कोपराच्या घडीत कापूस.
त्यानं बिस्किटाचा पुडा पुढे केला.
"भोवळ येते कधीकधी."
आम्ही अंतर्गत मूल्यमापनाबद्दल बोललो.
तेवढ्यात आईचा फोन. जेवलीस का?
तिचे सगळे प्रश्न ती त्या एकाच प्रश्नात
दुमडून पाठवते. हो म्हटलं. बिस्किट खरंच तोंडात होतं.

शुक्रवारी निकाल.
बाकी सगळं ठीक. एक गोष्ट आहे,
पण बरी होणारी, लोखंडेबाई म्हणाल्या.
उपदंश. शब्दकोशात उपदेशाच्या शेजारीच राहतो.
बाईंनी मात्र उपदेश केला नाही,
इंजेक्शन दुखेल एवढं सांगितलं. दुखलं.
"तीन महिन्यांनी परत ये. आणि त्याला कळव."

चतुःशृंगीपर्यंत चालत आले, मेसेज जुळवत.
तुझ्याकडून लिहू की माझ्याकडून?
सगळा घोळ विभक्तीचा.
कुणापासून कुणाला, हे मला माहीत नाही,
कदाचित त्यालाही नसेल.
तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.
मग आज्ञार्थ वापरला, त्यात कर्ता लिहावा लागत नाही:

तपासून घे.
औंध, खोली अकरा, जिन्याखालून.
दंतविभागात शिरू नकोस.