अजून काहीच नाही

दुपारचे तीन, आणि ताम्पेरेत दिवस मावळलाही.
तूलिक्की दिवा मालवते,
बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवते.

अर्धा तास दिला होता प्रतिपिंडांना,
सदतीस अंश, अंगातली असते तेवढीच ऊब.
मग दोनदा अलगद धुणं:
चिकटलं नाही ते जाऊ दे वाहून.
मारून रंगवणं सोपं.
जिवंतपणी ओळखायचं तर हात हलका हवा.

आता अंधारात हिरवी बेटं.
ही वेइक्कोची कातडी, कोपराजवळची,
चाळीस वर्षं बोटींची इंजिनं उघडणाऱ्या हाताची,
मागे मागे नेलेली,
वंगणाच्या, उन्हाच्या, त्याच्या नावाच्याही आधी.
काही वसाहती अर्ध्या वाटेतच थांबल्या.
त्या उजळत नाहीत. एरवी दिसायला तशाच, लबाड.
ती बशीच्या तळाला पेनाने गोल काढते:
ही. ही. ही नको.

परवापर्यंत पेशी दुणावतील,
हिरवं वाटून वाटून विरेल.
कुणी पारखलं होतं
हे त्यांच्या गावीही नसेल.

फोनवर वेइक्को विचारतो,
काय म्हणते माझी कातडी?
तूलिक्की हातमोजा काढता काढता थांबते.
"अजून काहीच झाली नाहीये ती," म्हणते,
"म्हणून तर जपतेय."