रंग ओला आहे

रद्दीवाल्या मावजीनं तराजूत टाकलीच होती ती,
दिवाळी अंकांच्या वर, एका कणा मोडलेल्या डिक्शनरीखाली.
मी म्हटलं, थांब.
कव्हरवर बागेतला बाक, बाकावर पाटी : वेट पेंट.
चाळीस वर्षांत तो हिरवा
वाळलेला दिसत नाही.
वीस रुपये घेतले मावजीनं.
तेव्हा पंचेचाळीसला होती, आणि
मोजून अकरा जणांनी घेतली.

ताडदेवला वर स्टुडिओ, खाली आमचं चष्म्यांचं दुकान.
मी भिंगं घासायचे. वरून दिवसभर
एकच सूर ठिबकत राहायचा
शारजाहून आलेल्या त्या पेटीतून, जिला
कस्टमवाल्यांनी वॉशिंग मशीन समजून सोडलं होतं.
ऑस्वल्ड मिस्किटा गायचा. गायचा कसला,
पोस्टाच्या खिडकीआडून बोलावं तसं
बोलायचा.
केर्सी ड्रम वाजवायचा नाही, बटणं दाबायचा.
पेपरात तीन ओळी आल्या. त्यांतला एकच शब्द आठवतो : थंड.

एका दुपारी केर्सी जिना उतरून आला :
टाळ्या हव्यात, कुणाचे हात रिकामे आहेत?
लिफ्टमन जयराम, केर्सीची आतेबहीण, आणि मी,
बोटांना पॉलिशची पांढरी पूड तशीच.
दोनवर आणि चारवर, त्यानं समजावलं.
मला आरतीच्या टाळ्या येत होत्या.
ह्या नव्हत्या येत.

तळमजल्यावरच्या निषादकडे प्लेअर आहे.
त्यानं सुई ठेवली, मोबाईल चाळत बसला,
दुसऱ्या गाण्याला मोबाईल पालथा ठेवला.
काकू, हे कधीचं? आत्ताचं वाटतंय.
मी कव्हर उलटं करून नावं वाचत होते.
केर्सीच्या नावापुढे काहीच लिहिलेलं नसतं, तो आहे की गेला.
अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत :
टाळ्या – खालचं दुकान.

दुसरी बाजू, तिसरं गाणं.
आल्या.
दोन एकदम पडतात
आणि एक, केसभर मागून.
निषाद हसला, इथे कुणीतरी चुकतंय.
मी बोटांचे सुजलेले सांधे पदराखाली घेतले.

परत घ्यायची का, ऑस्वल्डनं विचारलं होतं तेव्हा.
केर्सी म्हणाला, राहू दे.

पुन्हा लाव, मी म्हटलं.
ह्या वेळी बरोबर पडेल
असं वाटलं मला, खरंच,
सुई खाली येईपर्यंत.