नावाच्या जागी

बार्न्सलीत मंगळवारी सहाला
बंद झालेल्या खाणीच्या कामगार-हॉलमध्ये
वरच्या मजल्यावर वर्ग भरतो.
हीटर एकच. त्याच्याजवळची खुर्ची
आधी येईल त्याची.

हिंचलिफबाई फळ्यावर नुसती एक उभी रेघ ओढतात: आय.
वाक्यात कुठेही येवो, म्हणतात, हा मोठाच लिहायचा.
तू, तो, ती, आम्ही
मध्यात आले की लहान होतात. हा होत नाही.
सँडविचच्या कारखान्यात दहा तास वाकून आलेली माणसं
वहीत तो खांब रोवतात.
हब्तोमचा थोडा कलतो.

मग ही आणि शी.
इंग्रजीत 'ही' म्हणजे तो,
हे मलासुद्धा अजून, बावीस वर्षांनी,
क्षणभर घशात अडकतं.
पिरोश्काला तर दोन्ही अडतात.
तिच्या हंगेरियनमध्ये बाईला, बुवाला, पोराला, म्हाताऱ्याला
एकच अक्षर,
चहावर फुंकर घालावी तसे ओठ करून म्हणायचं.
त्यामुळे ती उभी राहून सांगते:
माझा नवरा, ती बेकर होती.
ती पहाटे तीनला उठायची.
तिचे हात जानेवारीतही गरम.
मागे कुणीतरी फिसकन हसलं.
बाईंनी मार्करचं टोपण काढलं,
आणि परत लावलं.
तो-ती चुकत होतं सगळं.
भूतकाळ मात्र तिचा एकदाही चुकला नाही.

साडेसातला डेरिक किल्ल्या वाजवत येतो.
सोळाव्या वर्षी खाणीत उतरलेला, आता हॉलचा राखणदार.
तो सगळ्यांना अरे-तुरे करतो,
मॅनेजरला, मांजराला, हिंचलिफबाईंना.
हे पुस्तकात नाही, लास्त्री म्हणते.
नाहीच, बाई म्हणतात,
आम्ही ते केव्हाच मोडीत काढलं,
राजाला यू, कुत्र्याला यू.
'तू' आता उरलाय तो जुन्या प्रार्थनांत देवाला
आणि डेरिककडे.
डेरिक म्हणतो, देवाचं मला काय विचारतेस,
हीटर बंद करू का सांग.

थांब, म्हणाल्या.
कारण हब्तोमनं खिशातून पत्र काढलं होतं,
चार घड्यांचं, घामानं मऊ.
कळवण्यास खेद होतो की वी,
एक तारखेपासून वी,
या कठीण काळात वी सर्वांनी मिळून वी.
लास्त्रीनं हात वर केला.
आमच्या भाषेत दोन असतात, म्हणाली.
एकात समोरचा धरलेला असतो,
एकात नसतो.
हे कोणतं?

इंग्रजीत एकच, बाई म्हणाल्या. संदर्भावरून कळतं.
मग चष्मा वर करून पत्र पुन्हा वाचलं,
पुन्हा एकदा.

त्यांचं बरंय.
मला हे मराठीत लिहायचंय
आणि इथे सुटका नाही:
आपण रात्रपाळी बंद करत आहोत?
की आम्ही?
एक शब्द लिहिला की हब्तोम आत येतो,
दुसरा लिहिला की बाहेर, फाटकाशी, डबा हातात.
मी 'आम्ही' लिहिलं.
खाली सहीच्या जागी व्यवस्थापन, बस.

धडा तिसरा, पान अठरा:
सर्वनाम वापरण्याआधी
ते कुणाच्या जागी उभं आहे ते सांगावं.

आठ वाजले. इट इज एट.
हे इट कोण, असं कुणीतरी विचारलं,
कुणी नाही, नुसतं जागा धरून बसलंय, म्हणाल्या बाई,
आणि कोट शोधू लागल्या.
हब्तोमनं पत्राची पाचवी घडी घातली.
हीटर टक्‌टक् करत निवत गेला.

जिन्यात पुढे पिरोश्का.
एकेका पायरीला घोकत उतरत होती,
नवरा, ही.
बेकर, ही. तीनला उठायचा, ही.
मग नुसतंच ही, ही, ही,
अंधारात, खाली दारापर्यंत.
डेरिक कुलूप हातात घेऊन उभा.
त्याला वाटलं, हसतेय.
काय गं, म्हणाला, तुला एवढं काय झालं?