गेट

खोब्रागडे सरांनी फळ्यावर लिहिलं जी, ई, टी
आणि म्हणाले, अर्थ सांगा.
मी हात वर केला. फाटक, सर.
वर्ग हसला.
मला कळेना काय चुकलं.
माझे बाबा तेवीस नंबरच्या गेटवर होते,
वणीकडून येणाऱ्या कोळशाच्या गाड्यांसाठी
दिवसातून अकरा वेळा ते पाडायचे, अकरा वेळा उचलायचे.

मिळणे, सर म्हणाले. लिहून घ्या.

रात्री डबा घेऊन गुमटीत गेले, शब्दकोशही नेला.
मिळणे ही नुसती पहिली ओळ होती,
खाली दीड पान.
आणणे. पोचणे. समजणे. म्हातारं होणे. ओलं होणे.
गोवर येणे.
कोणाकडून काम करवून घेणे.
मागे एखादा बारका शब्द चिकटला की
उठणे, उतरणे, निसटणे, भागवणे.
बाबा भाकर मोडत ऐकत होते.
"येवढं सारं एकटाच करून राहिला हा?
मंग बाकीचे काय बसून पगार घेतात?"

मग म्हणाले, आपलं लागणे का कमी हाये?
भूक लागते, ठेच लागते, मामाले नोकरी लागली,
बोढ्याच्या बोअरले पाणी लागलं,
तुयी माय मले बोलाले लागते...
तेवढ्यात फोन वाजला.
स्टेशनमास्तरचा प्रायव्हेट नंबर त्यांनी रजिस्टरात लिहिला,
दोनदा वाचून दाखवला,
आणि हात धुवायच्या आधी हँडल फिरवलं.

चाचणीत मी लिहिलं:
गेट डाउन म्हणजे थांबा, गाडी येत आहे.
गेट अप म्हणजे रस्ता मोकळा.
सरांनी फुली मारली. मग ती खोडली.
अर्धा मार्क दिला.

दीड पानात एक होतं, गेट थ्रू.
पार होणे, निभावून जाणे.
ते मी पाठ केलं नाही, पाहिलं.
पऱ्हाटी वेचणीला आलेली, रात्रीचे दोन,
बोढ्याची सून ऑटोत, ऑटो गेटबाहेर,
आणि नंबर देऊन झालेला.
एकदा नंबर दिला की गेट उघडत नाही,
देव आला तरी.
तिची सासू बाबांच्या अंगावर धावली.
बाबा हिरवा कंदील धरून उभे,
आणि मालगाडीचे डबे मोजू लागले, मोठ्याने,
तिला ऐकू जावं म्हणून, किती उरले ते.
सतरा. अठरा. ती डब्यागणिक एक शिवी घालत होती.
एकोणचाळीस. शिव्या संपल्या,
मग ती पण मोजू लागली.
अठ्ठावन्न.
हँडल फिरवताना बाबांचा हात घसरला,
खरचटलेलं त्यांना सकाळी दिसलं.

पोरगं वणीला पोचल्यावर झालं.
शाळेत नाव हर्षल, गावात गेट्या.

नंतर रेल्वेने गेट काढलं.
खालून बोगदा केला,
त्यात दिवाळीपर्यंत गुडघाभर पाणी,
बकऱ्या तोंडाशी येऊन उभ्या राहतात, जुन्या सवयीने.
गुमटीचे पत्रे कोणी नेले माहीत नाही.
बाबा रिटायर झाले.
आताही फोन वाजला की आधी पेन शोधतात.

यंदा मला सातवीचा वर्ग मिळाला,
किंवा मी सातवीच्या वर्गाला लागले.
फळ्यावर लिहिलं जी, ई, टी.
खडू मोडला.
दुसऱ्या बाकावर कोणीतरी कोणाला तरी कोपरानं ढोसलं,
हसू दाबलेलं ऐकू आलं.
अर्थ सांगा, म्हटलं,
आणि नेमका त्यानेच हात वर केला.
मी वाट पाहिली. एवढी, की बाकीचे माझ्याकडे पाहू लागले.

"मिळणे, मॅडम."

त्याने गेट पाहिलेलं नाही.
त्याला रांगता येईपर्यंत ते निघालंही होतं.

बरोबर, म्हटलं. बस खाली.
दीड पान उरलं होतं,
आणि घंटा व्हायला चार मिनिटं.