पट्टी

नाव, मोबाईल, वाद्य, दर.
पहिल्या आराखड्यात एवढ्याच चौकटी होत्या.
बिराज म्हणाला, पुरे. लोक जास्त भरत नाहीत.
मकरपुऱ्याच्या त्या खोलीत पंखा मधूनच घसा खाकरायचा
आणि आम्ही दोघं वडोद्यातल्या समस्त वाजवणाऱ्यांना
एका तक्त्यात बसवत होतो.

पहिली अडचण पेटीची.
दांडिया बाजारातले बुवा पेटी म्हणतात,
रावपुऱ्यातला दुकानदार हार्मोनियम,
भजनमंडळातल्या इलाबेन वाजापेटी,
आणि संगीत शिकणाऱ्या एका पोरानं
मान ताठ ठेवून टाइप केलं: संवादिनी.
चौघं एकमेकांना शोधत राहिले महिनाभर.
भाता एकच,
यंत्राच्या लेखी चार वाद्यं.

ढोलाचं उलट.
कारेलीबागेतल्या सोसायटीला हवा होता गरब्याचा ढोल,
पोचलं गणपतीचं पथक,
वीस जण, झेंड्यासकट.
सेक्रेटरींचा फोन: बेन, हे काय पाठवलंत?
मागे इतका दणदणाट
की माझं सॉरी त्यांना ऐकूच गेलं नाही.
नंतर कळलं, हाकललं नाही कुणी.
फाफडा-जिलेबी खाऊन गेले.

फतेपुऱ्यात गुलामनबी मास्टर कोटाची बटणं घासत बसले होते.
क्लॅरिनेट मांडीवर, झोपलेल्या नातवासारखी.
अनुभव किती, मी विचारलं.
मराठी लग्नांत वाजवून वाजवून आलेल्या मराठीत म्हणाले,
वर्षं सांगू की वराती?
चौकटीत दोनच आकडे मावत होते. मी ४१ लिहिलं.
माझा मोबाईल हातात घेऊन त्यांनी सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं,
चष्मा कपाळावर सरकवला.
घर विचारलंस, भाव विचारलास,
पट्टी कुठाय?
दोन माणसं भेटवणार तू,
आणि एक काळी एकमध्ये, दुसरा पांढरी चारमध्ये?
भेटले काय, न भेटले काय.

त्या रात्री बारा पर्याय घातले.
पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन...
बिराज सुरांचा नाही, तो म्हणाला,
हे बुटांचे नंबर वाटतात.
तसंच आहे म्हटलं. चावतो चुकीचा असला की.

मग शरयूताई राजोपाध्ये यांचा फोन.
अगं, ते काळी पाच लिहिलंय माझ्या नावापुढे,
खोडता येतं का?
थायरॉइडचं ऑपरेशन झाल्यापासून पांढरी पाच.
बसचा थांबा बदलल्यासारखं सांगत होत्या.
खोडायचं बटणच केलं नव्हतं आम्ही.
कुणाचा आवाज खाली उतरेल
हे आराखड्यात नव्हतं.
दोन दिवसांत केलं.
बिराजनं विचारलं, जुनी नोंद जपून ठेवायची?
मी त्यांनाच विचारलं.
नको, म्हणाल्या. पाठ आहे मला.

आता चारशे बारा नावं आहेत.
त्यांतलं एक खोटं, माझंच,
अगदी पहिल्या दिवशी तपासायला भरलेलं:
नाव, चाचणी एक. वाद्य, तंबोरा. दर, शून्य.
तंबोरा खोटा नाही. कपाटामागे आहे,
गवसणीत, अकरावीपासून.
ती नोंद पुसायची राहून गेली.

काल दुपारी फोन थरथरला.
चाचणी एक यांना निरोप:
शनिवारी संध्याकाळी सुरसागरजवळ बसतोय,
मी, गुलामनबी मास्टर, एक तबल्याचा मुलगा आहे.
पैसे नाहीत. चहा आहे.
आपण पट्टी लिहिलेली नाही.
खाली, शरयू राजोपाध्ये.

रिकामी सोडली होती, कारण तंबोऱ्याला कुठे असते
स्वतःची पट्टी?
ज्याच्यासाठी लावाल त्याची.
हे एवढं सगळं टाइप केलं, मग पुसलं.
नाव बदललं आधी.
मग लिहिलं, पांढरी पाच जमेल,
तारा गंजल्यात, नव्या घालून आणते,
जरा लवकर येऊ का,
लावायला मला वेळ लागेल.